होडीचा हप्ता

३ जानेवारी २००३

ही डायरी ऋतिकाने दिली. तिच्या नवऱ्याला, प्रीतमला, पतपेढीतून दोन मिळाल्या. एकीत तिने दुधाचा हिशोब सुरू केला, दुसरी माझ्याकडे आली. "आई, बालवाडीत पोरांना दिवसभर गोष्टी सांगतेस, आता स्वतःला सांग," म्हणाली. तुळिंजला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्यापासून आमच्या लेकीला असलं काहीबाही सुचतं.

तर गोष्ट अशी. आमचे हे, आत्माराम, खाडीवर होडी चालवतात. अलीकडे आमचं गाव, पलीकडे खारटेंभी. माणसं या काठावरून त्या काठावर न्यायचा मक्ता सरकार लिलावाने देतं. काही वर्षांपूर्वी त्या लिलावात यांनी अशी बोली चढवली, की बाकीचे मुकाट उठून चहाला गेले. हौसेला मोल नाही म्हणतात. यांच्या हौसेला होतं, आणि सरकारने ते कागदावर लिहून घेतलं होतं.

त्यातले निम्मेसुद्धा भरता आले नाहीत, कारण आमच्याकडे होडीचं भाडं पैशांत असतंच कुठे? भात झोडून झालं, की घरटी पायलीभर तांदूळ द्यायचा आणि वर्षभर बसायचं, ही सासऱ्यांच्याही आधीपासूनची रीत. पैसे देतो तो परका माणूस. वरच्या अंगाला पूल झाला तसा परका माणूस बसने जायला लागला. आमच्या घरात तांदूळ ठेवायला जागा नव्हती आणि सरकार तांदूळ घेत नव्हतं.

मक्त्याची मुदत संपली, थकबाकी राहिली, सरकारने दावा लावला. जज्जसाहेब भले, त्यांनी हप्ते बांधून दिले. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायचे. एक चुकला तर राहिलेले सगळे एकदम, नाहीतर होडीवर जप्ती. यांना कोर्टाची पायरी चढायची लाज वाटते, म्हणून भरायला मी जाते. आजही जाऊन आले. कोर्टात पैसे घेणाऱ्याला नाझर म्हणतात. आमचे नाझर जयवंतराव पैसे मोजताना ओठ हलवतात, पण आवाज येत नाही. नाकात मंत्र पुटपुटणाऱ्या आमच्या भटजींची आठवण येते.

घरी आले तर हे धक्क्यावर उभे. पाणी नाही विचारलं, दमलीस का नाही विचारलं. "पावती आन. आधी पावती."

पावती घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी, आतून बांधून टाकली. जुन्याही तिथेच आहेत. लोक होडीला हळदकुंकू लावतात, आमचे पावत्या लावतात.

१४ जानेवारी

संक्रांत. डबा भरून तिळगूळ होडीतच नेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवला. धुकं इतकं होतं, की पलीकडचा काठ दिसतच नव्हता. नुसती हाक येत होती, "होडी ओऽऽ!" आणि हे वल्हं उचलून त्या हाकेकडे निघायचे. मी मध्ये बसून होते. दोन्ही काठ नव्हते, खाली पाणी दिसत नव्हतं. मला वाटलं असंच राहावं, कुठे पोचूच नये. पोचलं की पाच तारीख येते.

हे म्हणाले, "थंडी वाजते का?"

"नाय. झोप येते."

"झोप मग. होडी आपलीच हाय. हप्ता चालू हाय तवर कोन उठवनार नाय."

काय बोलतात, कशाचा कशाला मेळ नाही. पण खरंच डोळा लागला.

४ फेब्रुवारी

हप्ता भरला. पावती पिशवीत गेली.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तोंडावर बोलले तर भांडण होईल. मी कोर्टात जायच्या दिवशी हे पांढरा सदरा घालतात. दाढी करतात. आणि त्या दिवशी होडी अशी चालवतात, जशी नवीन घेतली आहे. देणं फेडायचा दिवस माणसाला इतका कसा आवडतो? आमच्या वाडीतल्या बायकांना विचारलं तर म्हणतील, बाई घरात नसते म्हणून खूश असेल. तसं असेलही.

१२ फेब्रुवारी

बुधवार म्हणजे इनेझ सिस्टरचा वार. वसईच्या बाजूची पोरगी, सरकारी नर्स, लशींचा थंड डबा खांद्याला लावून येते आणि पलीकडे खारटेंभीच्या लेकरांना टोचते. पुलावरून जायचं तर दोन बसगाड्या, आणि पुढे मिठागराच्या बांधावरून पायपीट. डब्यातला बर्फ तिथवर कुठे टिकायला? म्हणून ती आमच्या होडीनेच जाते. ती परकी, म्हणजे पैसे देणारी, पण हे तिच्याकडून घेत नाहीत. ती जबरदस्तीने नाळेवर ठेवते, हे जबरदस्तीने तिच्या पिशवीत टाकतात. मधल्या मध्ये एकदा नाणं खाडीत पडलं. दोघं अशी हसली, की मलाच ओशाळायला झालं. ते नाणं हप्त्यात कामाला आलं असतं.

सिस्टर म्हणाली, "मामा, तुम्ही नसता तर मी ही ड्यूटी सोडलीच असती."

"मी नसेन कशाला? सरकारचा मानूस हाय मी," हे म्हणाले. सरकारचा माणूस! सरकारचा देणेकरी म्हणायला जड जातं, म्हणून असेल.

२३ फेब्रुवारी

दुपारी स्वप्न पडलं. कोर्टाच्या व्हरांड्यात खाडीचं पाणी आलंय आणि जयवंतराव टेबलासकट तरंगतायत. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, आता लागत नाहीत. मग मी त्याच पाण्यात पाय सोडून बसले. जागी झाले तर इतकं हलकं वाटत होतं, की उठून चूलसुद्धा पेटवली नाही.

असं एकदा जागेपणी वाटायला हवं. माझं दुसरं काही मागणं नाही. दागिने नकोत, तुळिंजला फ्लॅट नको. यांची होडी जाऊ नये आणि दुपारी झोपताना छातीवर धोंडा नसावा.

५ मार्च

आज अक्षर वाकडं येतंय.

शिवरात्र आणि बालवाडीची तपासणी यात मागचे दिवस गेले आणि हप्ता शेवटच्या तारखेवर आला. सकाळी सिस्टर आली ती कपाळावर राखेचं बोट घेऊन. राखेचा बुधवार, त्यांचा उपवासकाळ आजपासून. म्हणाली, ईस्टरपर्यंत गोड बंद. तिला होडीत बसवून मी आगाशीहून वसईची एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली. केळीच्या वाड्या मागे जात होत्या, वारा येत होता, आणि मी झोपले! जागी झाले ती कंडक्टर हलवत होता तेव्हा. कोर्ट केव्हाच मागे पडलं होतं.

तिथून चालत, धावत, एकदा चप्पल तुटून आले. जयवंतराव कपाटाला किल्ली लावत होते. माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, किल्ली उलटी फिरवली. "बसा बाई. आधी पाणी प्या. आज चुकला असता तर सगळं अवघड झालं असतं." जीव भांड्यात पडला.

यांना सांगितलं नाही. पावती दिली, पिशवीत गेली. संध्याकाळी होडीत शीळ वाजवत होते. एका झोपेपायी ती होडी आज गेली असती. मला हे सोसवत नाही. माझ्यासारख्या स्वप्नाळू बाईच्या हातात महिन्याच्या महिन्याला असली सुरी द्यायचीच कशाला?

९ मार्च

ऋतिकाकडे जाऊन आले. माझी भिशी पुढच्या आठवड्यात लागते. त्यात बालवाडीच्या मानधनातले साठवलेले घातले आणि यंदाचा जास्तीचा तांदूळ आगाशीच्या दुकानदाराला विकला, तर सगळं देणं एकदम फिटतं. चार दिवस बोटांवर हिशोब करत होते, ऋतिकाने कॅल्क्युलेटरवर केला, तेवढाच आला.

"आई, कसली भारी आयडिया आहे! बाबांना सांगू नकोस हां. सरप्राइज दे."

प्रीतम म्हणाला, "पण बाबांना एकदा विचारा तरी." पोरगा कमी बोलतो. जावयांनी कमीच बोलावं.

१३ मार्च

यांना आडून आडून विचारलं, "सगळं देनं एकदम फिटलं तर काय कराल?"

हे जाळं सांधत होते. हात थांबला. "एकदम कशाला? चाललंय ते बरं हाय. घाई कसली?"

"दीड वर्स हाय अजून."

"दीडच?" म्हणाले, आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

दीड वर्ष यांना कमी वाटतं! मी मनातल्या मनात हसले. माझा बेत यांना कळला असता, तर बिचारे सुखाने रात्रभर जागे राहिले असते.

२० मार्च

घोडं गंगेत न्हालं!

सगळे पैसे भरले. जयवंतरावांनी दोनदा मोजले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. शेवटी पावतीवर लिहिलं, बाकी निरंक. काय सुंदर शब्द आहे. मी एसटीत तो परत परत वाचत होते, आज झोप आली नाही. आगाशीच्या बाजारातून पाव किलो पेढे घेतले. देवळापाशी उभी राहून देवाला तिथूनच एक दाखवला आणि स्वतःच खाल्ला.

हे नुकतेच फेरी टाकून जेवायला बसले होते. मी पेढा आणि पावती एकदम हातात दिली.

यांना वाचायला वेळ लागतो. वाचलं. "म्हंजे काय?"

"म्हंजे संपलं. काय देनं नाय आपलं."

"येत्या महिन्याला?"

"नाय."

"त्याच्या पुढच्या?"

"अवो, कधीच नाय! सरकारचा नि आपला आता काय संबंध नाय."

पेढा अर्धा खाल्ला, अर्धा ताटाच्या कडेला ठेवला. मग यांनी ही पावती पिशवीत न घालता देव्हाऱ्यात ठेवली आणि हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले. फार आनंद झाला की माणूस असाच गप्प होतो. पचायला वेळ लागतो.

आज मी झोपणार आहे.

२२ मार्च

झोप लागते, पण तशी नाही.

काल यांनी होडी ओढून वर घेतली, उधाणाचं पाणीही जेमतेम पोचेल अशा जागी, करंजाखाली. वल्हं घरात आणून दाराआड उभं केलं. विचारलं तर म्हणाले, अंग दुखतं. ताप नाही. मी काढा दिला, मीठमोहरी उतरून टाकली. एवढं मोठं देणं फिटलं, कुणाची तरी दृष्ट लागणारच.

पलीकडून दिवसभर हाका येत होत्या. "होडी ओऽऽ! आत्माराऽऽम!" हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. प्रत्येक हाकेला पाठ हलायची.

२४ मार्च

आज सकाळी न्हाले, चहा प्याले, पण खाडीकडे गेले नाहीत. अंगणात बसून भोपळ्याच्या वेलाला दोऱ्या बांधल्या. ज्या माणसाने आयुष्यात झाडाला पाणी घातलं नाही, तो वेलाशी बोलतोय. माझं डोकं चालेना झालंय. पैसे गेल्याचं वाईट वाटतंय का? पण पैसे तर माझे होते.

२६ मार्च

आता कळलं. देवा, आता कळलं.

बुधवार. सिस्टर डबा घेऊन आली तर धक्क्यावर होडी नाही. घरी आली. "मामा, चला ना. बर्फ वितळतोय."

हे उठून उभे राहिले. तिच्याशी बसून कधी बोलत नाहीत. "सिस्टर, माझा मक्ता संपला. आता माझा हक नाय. सरकारच्या खाडीत मी कुठच्या तोंडानं होडी घालू? तुम्ही तर सरकारी मानूस, तुम्हाला समजायला पायजे."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अवो, मक्ता तर कधीच संपला. चार वर्सं झाली!"

"मग हप्ता कशाचा भरत व्हतो आपन?"

"जुन्या देन्याचा!"

"मक्त्याचाच ना? मक्त्याचे पैसे चालू, म्हंजे मक्ता चालू. मधे कोन दुसरा आला का लिलावाला? नाय आला. का नाय आला? मी भरत व्हतो म्हनून." आवाज इतका शांत होता, की मला भीती वाटली. "कोनी अडवलं असतं तर पावती दाखवली असती. म्हनून होडीत ठेवत व्हतो. तू जाऊन तोडून आलीस सगळं, पेढे घेऊन."

मला आधी हसू आलं. कोर्टाचा दंडा यांनी परवाना म्हणून होडीत बांधून ठेवला होता! मग हसू थांबलं. तो पांढरा सदरा, ती दाढी, ते "सरकारचा मानूस". सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं, मी स्वतःच इथे लिहून ठेवलं होतं, आणि मी काय समजले? सरकारच्या कागदात हे देणेकरी म्हणून का होईना, होडीवाले होते. मी ते नाव पुसून आले.

सिस्टर बसने गेली. मिठागराच्या बांधावर पोचेस्तोवर बर्फाचं पाणी झालं, लशी परत न्याव्या लागल्या, असा निरोप आला. पलीकडची सहा लेकरं राहिली.

२८ मार्च

कोर्टात जाऊन आले. हप्ता नसताना त्या जिन्यावर पाऊल पडत नव्हतं.

जयवंतरावांना म्हटलं, "साहेब, थोडीशी बाकी काढता येईल का आमच्या नावावर? जुन्या हिशोबात कुठे काही चुकलं असेल, बघा ना. थोडी असली तरी चालेल. हप्ते बांधून द्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बाई, सरकारचं देणं फेडायला माणसाचे नाकी नऊ येतात. पण मागून ते मिळत नाही हो." मग म्हणाले, "आणि मिस्टरांना सांगा, त्या खाडीचा लिलाव आता होतच नाही. त्यांनी खुशाल होडी घालावी. कोणी काही विचारणार नाही."

मी धावत घरी आले. वाटलं, आता उठतील.

"कोनी विचारनार नाय?" हे म्हणाले.

"कोनी नाय."

"म्हंजे मी असलो काय, नसलो काय."

मी ताट घेतलं. भात वाढला. हे जेवले.

रात्री पाण्याचा आवाज घरापर्यंत येत होता. मी पडल्या पडल्या ऐकत होते. इतकी वर्षं वाटायचं, देणं नसलं की छातीवरचा धोंडा जाईल. तो उचलून मी यांच्या छातीवर ठेवला.

२ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी उभारली. काल अमावस्या झाली, आज उधाण. दुपारपर्यंत पाणी चढत चढत करंजाखाली आलं आणि होडीच्या बुडाला लागलं. सुट्टी असूनही सिस्टर आली होती, मागच्या बुधवारची लेकरं राहिली म्हणून. डबा मांडीवर घेऊन धक्क्यावर बसली होती, बसला जायची तिची वेळ जवळ येत होती.

मी लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यातून गेले आणि होडीत जाऊन बसले. सिस्टरला हाक मारली. तीही आली, काही विचारलं नाही. मग मी घराकडे तोंड करून ओरडले, खारटेंभीची माणसं ओरडतात तशी. "होडी ओऽऽ!"

हे दारात आले. "काय चालवलंयस? उतर खाली."

"मला पलीकडं सोडा."

"काय काम हाय पलीकडं?"

"होडीवाला असं विचारतो का? सोडा. भाडं देईन."

"तुझं भाडं कधी घेतलंय मी?"

"म्हनूनच तर," मी म्हटलं. पुढचं मोठ्याने म्हटलं. "लग्न झाल्यापासून बसत्ये या होडीत. एक पायली तांदूळ दिला नाय, एक पैसा दिला नाय. सगळं थकलंय तुमचं माझ्याकडं. एकदम जमनार नाय. हप्त्यानं देईन."

हे गुढीजवळ उभे राहून माझ्याकडे बघत होते. होडी पाण्यावर हलायला लागली होती. पुढच्या पाण्यात आभाळ पडलं होतं आणि पलीकडचा काठ तरंगत असल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, हे परत आत जातील.

हे आत गेलेच. बाहेर आले ते वल्हं घेऊन.

पाण्यात उतरले, होडीला खांदा लावला, आत चढले. नाळेजवळची जुन्या पावत्यांची पिशवी सोडून माझ्या मांडीवर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर महिन्याला. पाच तारखेच्या आत."

"बरं."

"एक चुकला तर सगळे एकदम."

"मंजूर."

"सिस्टर, तुम्ही साक्षीला."

सिस्टरने मान हलवली आणि डोळे पुसले. पलीकडे दोन बाया लेकरं घेऊन काठावर आल्या होत्या, आम्हाला बघून त्यांनी हात हलवले. यांनी वल्हं मारलं.

पलीकडे माझं काहीच काम नव्हतं. उतरले, थोडी उभी राहिले, त्याच होडीने परत आले. म्हणजे दोन फेऱ्यांचं भाडं चढलं.

पाच तारीख शनिवारी येते. सुटे काढून ठेवायला हवेत.